कौल झालेलं लाकूड

"मॅडम, हे यंत्र चोराचं नावसुद्धा सांगतं का?"

दुर्वा चितारीने उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि शाळेच्या सभागृहात खसखस पिकली. मागच्या रांगेत जेनिस फर्नांडिसने कपाळावर हात मारला, कारण ती पैज हरली होती. मधल्या सुट्टीत तिनेच म्हटलं होतं, "पाहुण्यांना एवढं विचारून दाखव, आठवडाभर तुझा डबा मी घासते." प्रश्न मात्र जेनिसचा नव्हता. तो सुचवला होता लावण्या गुरवने, तोही खाली बघत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. लावण्या कधी असल्या थट्टेत नसायची. आजच तिला हे कुठून सुचलं, असा विचार दुर्वाच्या मनात आला नाही. हल्ली तिला विचार करायला सवडच नसायची. धिटाई इतकी कोरी करकरीत होती की ती वापरायची घाई झाली होती.

वर्षभरापूर्वी हीच मुलगी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा चाचरायची. मग बाबांनी तिच्यासाठी गिटार बनवली. सावंतवाडीच्या चितार आळीत चितारी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या लाकडी आंबे, केळी आणि पोपट रंगवले. तिचे बाबा, उल्हास चितारी, तेवढे ती वाट सोडून मडगावला गेले, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली गिटार करायला शिकले आणि परत आले. आता त्यांच्या गिटारी लिस्बनपर्यंत जात. दुर्वाच्या गिटारीची पाठ आणि कडा शिसवीच्या होत्या, जांभळट काळ्या, आत तांबूस रेघा असलेल्या. तार छेडली की सूर लगेच विरायचा नाही. खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि सावकाश उठायचा. ती गिटार छातीशी धरून दुर्वा स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर उभी राहिली, आणि उतरली ती वेगळीच कुणीतरी होऊन.

व्यासपीठावर डॉ. तेजल पोकळे हसल्या. आडनाव पोकळे आणि काम भरीव लाकडाचं, यावर मुलींचे विनोद करून झाले होते. "चोराचं नाव नाही सांगत," त्या म्हणाल्या. "पण चोरीला काय गेलं, ते कुठून गेलं, एवढं चोख सांगतं."

त्यांच्या हातातल्या यंत्राचं सरकारी नाव होतं 'काष्ठवेध'. जाड पेनाएवढा दांडा आणि त्याला वायरीने जोडलेली वहीएवढी पेटी. पोरींनी पहिल्या दहा मिनिटांतच त्याचं बारसं करून टाकलं होतं: कुंडली.

"झाड हलत नाही, हीच मुख्य गोष्ट," पोकळे मॅडम सांगू लागल्या. "जन्मभर एका जागी उभं राहून ते तिथलंच पाणी पितं. आणि पाणी सगळीकडे सारखं नसतं. ऑक्सिजनचे अणू काही जड असतात, काही हलके. समुद्रावरून आलेला ढग आधी जड पाणी टाकून देतो आणि हलका होऊन घाट चढतो. म्हणजे कोकणातल्या झाडाने प्यायलेलं पाणी आणि घाटावरच्या झाडाने प्यायलेलं पाणी, फरक कळतो. त्यात जमिनीतली मूलद्रव्यं मिसळतात. जांभ्यावरची वेगळी, काळ्या कातळावरची वेगळी. हे सगळं लाकडात कायमचं बसतं. पुढे त्याचा पाट करा, पलंग करा, ते पुसलं जात नाही. हे यंत्र लेझरने लाकडाचा धुळीएवढा कण जाळतं आणि त्याच्या प्रकाशावरून गाव ओळखतं. मग जनुकं वाचून नेमकं झाड."

"पण ते झाड त्याला ठाऊक कसं?" कुणीतरी विचारलं.

"देवरायांतली म्हातारी झाडं गेल्या काही वर्षांत मोजली ना, तेव्हा प्रत्येकाचं एकेक पान घेतलं होतं. त्या सगळ्यांची जनुकं या पेटीत आहेत." मग त्यांनी पेटीवर टिचकी मारली. "आणखी एक गोष्ट ते सांगतं. झाड कसं मेलं. झाड उभ्या उभ्या वाळत गेलं, तर मरेपर्यंत ते पेशींत साठवलेला स्टार्च खाऊन संपवतं. हिरवंगार असताना कापलं, तर साठा तसाच राहतो. भरल्या ताटावरून माणसाला उठवावं तसा."

मग जेनिस पुटपुटली, "मंगळ आहे का तेही बघतं का?" आणि पुन्हा हशा झाला.

त्यानंतर हेडसरांच्या टेबलाची कुंडली निघाली. सर ज्याला 'अस्सल सागवान' म्हणत आले होते, ते रबराच्या झाडाचं लाकूड निघालं, आणि त्या दिवसाला चार चांद लागले. विज्ञान मंडळाला यंत्र पंधरवड्यासाठी मिळालं. गावातल्या जुन्या लाकडी वस्तू तपासायच्या. मालकाने हो म्हटलं तरच 'नोंदवा' दाबायचं, नाहीतर निकाल पुसून टाकायचा. यंत्र कुणाकडे द्यायचं, यावर दुमत नव्हतं. जी पाहुण्यांना चोराचं नाव विचारते, तिच्याकडे.

शाळेबाहेर मात्र लावण्याने दुर्वाचा दंड घट्ट धरला. "रविवारी आमच्याकडे येशील? वेतखोलला? यंत्र घेऊन."

मग तिने सांगितलं. वेतखोलच्या देवराईत एक शिसव होती, चार जणींनी हात धरून कवेत घ्यावी अशी. दोन वर्षांपूर्वी गाव जत्रेला दुसरीकडे गेलेलं असताना ती कुणीतरी कापून नेली. राईतलं वाळकं लाकूडसुद्धा देवाचा कौल घेतल्याशिवाय हलवत नाहीत, आणि कौल लावतो गुरव. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. तेव्हा गावात बोलणं झालं, की काशिनाथ गुरवाने गुपचूप कौल लावला आणि झाड विकलं. काशिनाथ गुरव म्हणजे लावण्याचे वडील.

"तोंडावर कोणी बोलत नाही," लावण्या म्हणाली. "पण बाबांच्या हातचं तीर्थ घेताना आता लोक हात पुढे करतात आणि मान फिरवतात."

दुर्वाला एकदम भरून आलं आणि लगेच आवेशही चढला. "त्या झाडाची एक फळी जरी या तालुक्यात असली ना, तरी मी हुडकून काढीन. तू बघच."

लावण्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर दुर्वाला त्या वेळी फार आवडली.

*

वेतखोलची देवराई भर दुपारी संध्याकाळसारखी होती. चपला बाहेर काढायच्या, मोठ्याने बोलायचं नाही, आणि निघताना कपडे झटकायचे. एखादं पान अंगाला चिकटून बाहेर आलं तर तेही राईचं. ते परत आत टाकायचं. काशिनाथ गुरवांनी हे सगळं समजावून सांगितलं. सडपातळ, खांद्यावर पंचा, आवाज खालचा.

खुंट केवढा तरी मोठा होता. वर शेवाळ धरलं होतं, आणि बाजूने नवे धुमारेही फुटले नव्हते. बरोबर आलेल्या जेनिसलाही इथे थट्टा सुचली नाही.

"काका, यातला एक कण घ्यावा लागेल," दुर्वा म्हणाली. "डोळ्यांना दिसणारपण नाही एवढा."

गुरवांनी खुंटाला हात जोडले, ओठ हलवले. मग म्हणाले, "घे, बाये. ता झाड परत येवचा नाय. पण तेचो पत्तो तरी लागांदे."

"तुम्हाला राग नाही येत लोकांचा?" जेनिसने विचारलं.

"देव माका काय विचारीत नाय गो. माणसा विचारतत." ते हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. "येत्या शुक्रवारी गावचे बारापाच मानकरी देवळात बसतले. माझ्यावरच कौल लावतले म्हणे. पाकळी डावी पडली, तर पूजा काढून घेतले."

"आणि कौल लावणार कोण?"

"दुसऱ्या गावचो गुरव आणतले."

परतीच्या एसटीत तिघी दाटीवाटीने बसल्या. यंत्रात आता खुंटाची खूण होती. दुर्वा खिडकीबाहेर बघत ठरवत होती, आधी वखारी, मग फर्निचरची दुकानं, मग देवळाच्या नव्या सभामंडपाचे खांब. आपण काहीतरी मोठं करतो आहोत, या जाणिवेने तिला गुदगुल्या होत होत्या.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर ती घरी आली तेव्हा कार्यशाळेत बाबा एका गिटारीच्या गळ्याला कानस लावत होते. आई खिडकीपाशी बसून चापडा लाखेचं पॉलिश चढवत होती. कापडाचा बोळा आठाच्या आकड्यात फिरत होता. गिटारींचा शेवटचा हात आईचाच असे. बाहेरच्या माणसाला बाबा मोठे कारागीर वाटत, पण लिस्बनची गिऱ्हाइकं चकाकी बघून भाळत.

दुर्वाने स्वतःची गिटार खुंटीवरून काढली. खेळ म्हणूनच. यंत्र अजून नवं होतं, हातात खाज होती. वाजायच्या गोल भोकातून दांडा आत घातला, पाठीच्या आतल्या बाजूला, जिथे पॉलिश नसतं. बारीक 'टिक' असा आवाज झाला आणि जळक्या गुलाबासारखा वास आला. शिसवीचा वास तसाच असतो.

पेटीवर आधी फक्त 'शिसव' उमटलं. मग 'कोकण, जांभा'. दुर्वा खूश झाली. आपली गिटार आपल्याच मातीतली. बाबा तर लोकांना सांगत, म्हैसूरकडच्या लागवडीतलं लाकूड आहे म्हणून. कदाचित व्यापाऱ्याने त्यांना चुकीचं सांगितलं असेल.

मग पुढची ओळ आली. 'वेतखोल देवराई. जुळणी: पूर्ण.' त्याखाली, 'कापतेवेळी: हिरवं. स्टार्चसाठा: भरपूर.'

ती ओळ तिने एकदा वाचली आणि यंत्र इतक्या घाईने बंद केलं, की जणू कुणीतरी बघत होतं.

खरं तर बघत कुणीच नव्हतं. बाबांची कानस चालू होती. आईने विचारलं, "काय गो, कसला वास?" दुर्वा म्हणाली, "कसलाच नाही." वर्षभरात पहिल्यांदाच ती पुन्हा चाचरली होती.

तिने पुन्हा एकदा मोजून बघितलं, या वेळी कडेच्या पट्टीवर. मग तिसऱ्यांदा, पाठीच्या दुसऱ्या टोकाला. निकाल तोच. प्रत्येक वेळी तिने पुसून टाकलं, आणि पुसताना तिचं बोट जराही अडखळलं नाही. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

*

"तुझ्या गिटारीची कुंडली काढूया ना," दुसऱ्या दिवशी जेनिस म्हणाली.

"काढली. म्हैसूरकडची निघाली."

किती सहज निघालं ते तोंडातून. धिटाईने तिला काय काय शिकवलं होतं, त्यात हेही आलं होतं तर.

लावण्याने पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली सांदणं काढली. "आईने दिली. म्हणाली, ती पोर एवढी धडपड करतेय आपल्यासाठी." तिने एक सांदण दुर्वाच्या हातावर ठेवलं. फणसाचा वास, गूळ, हळदीचं पान. दुर्वाने ते खाल्लं, कारण न खाण्याचं कारण सांगता आलं नसतं. चव लागायच्या आत दोन घासांत संपवलं. जेनिस म्हणाली, "हावरट."

तिघी मिळून बाजारात फिरल्या. वखारीत गेल्या, खुर्च्या तपासल्या, एका हॉटेलचं काउंटर तपासलं. दुर्वा प्रत्येक ठिकाणी दांडा टेकवायची आणि "नाही" म्हणायची. लावण्या प्रत्येक "नाही" ऐकून "बरं" म्हणायची. जी वस्तू कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ती दुसरीकडे शोधत हिंडायचं, आणि जिच्यासाठी शोधायची तीच शेजारी चालत असायची. दुर्वाला वाटलं, आपण चोर नाही. चोरापेक्षाही काहीतरी वाईट आहोत, त्याला मराठीत शब्द नसेल.

संध्याकाळी संगीताच्या बाईंकडे सराव होता. पुढच्या महिन्यात पणजीच्या युवा महोत्सवात ती वाजवणार होती. तिने तार छेडली. सूर नेहमीसारखाच कोपऱ्यात जाऊन बसला, सावकाश उठला. लाकूड वाईट वाजत नव्हतं. उलट तिला वाटलं, आजवर कधीच एवढं सुंदर वाजलं नव्हतं. आणि हे मनात आलं तसा तिने तारांवर तळवा दाबून सूर बंद केला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"नखं वाढलीत."

ही गिटार नसेल तर आपण कोण? दुर्वाने घरी जाताना स्वतःला हे विचारलं, आणि उत्तर आलं ते मागच्या बाकावरचं. हजेरीला चाचरणारी. तिला तिथे परत जायचं नव्हतं. तिला कुठेच जायचं नव्हतं.

बुधवारी तिने एक पळवाट काढली. पोकळे मॅडमना फोन केला. "मॅडम, समजा एखादी वस्तू सापडली. वेतखोलच्या झाडाची. आणि मालकाचं नाव न घालता ती नोंदवली, तर?"

"झाड कुठे पोचलं ते कळेल."

"मग त्या गुरवांवरचा आळ जाईल ना?"

"कसा जाईल? लाकूड सापडलं, एवढंच सिद्ध होतं. ते विकलं कुणी, हे यंत्राला माहीत नसतं. उलट लोक म्हणतील, बघा, गुरवाने विकलेलं इथे पोचलं. कुणी विकलं ते फक्त विकत घेणारा सांगू शकतो." मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दुर्वा, काही सापडलंय का तुला?"

"नाही, मॅडम. सहज विचारलं," असं म्हणून तिने फोन ठेवला. जेवढी खोटी उत्तरं ती देत होती, तेवढी ती सराईत होत होती.

*

गुरुवारी ती शाळेतून थेट कार्यशाळेत गेली. यंत्र बाबांच्या बाकावर ठेवलं, गिटार त्याच्या शेजारी, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दांडा भोकातून आत घातला. टिक. बाबांनी पेटीवरच्या ओळी वाचल्या. चष्मा काढून परत वाचल्या.

"ही असली यंत्रं चुकतात," ते म्हणाले.

"मी पुन्हा पुन्हा मोजलंय, बाबा. निकाल तोच येतो. पण ते सोडा. यंत्र चुकलंय असं तुम्ही म्हणा, मी ऐकते. फक्त माझ्याकडे बघून म्हणा."

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला. आईच्या हातातला बोळा थांबला होता. पॉलिश करताना मध्येच हात थांबला तर तिथे डाग राहतो. आईला हे कुणी सांगायला नको होतं, तरी तिचा हात थांबला होता.

"मला वाळलेलं म्हणून सांगितलं होतं," शेवटी बाबा म्हणाले. "वादळात पडलेलं. बांद्याचा वखारवाला ट्रक घेऊन आला. मी फळीवर बोटाने टकटक केली. दुर्वा, तुला काय सांगू. घंटेसारखी वाजली ती. जगात चांगलं लाकूड संपत आलंय, बाय. ब्राझीलची शिसव गेली, मादागास्करची एबनी गेली. आम्ही कारागीर उरलंसुरलं हुडकत बसतो. आणि माझ्या दारात हे. मी विचारलं, कुठलं? उत्तर आलं, कौल झालेलं आहे."

"कौल झालेलं."

"हो. म्हटलं, कौल झालाय म्हणजे देवाने दिलंय. मग आपण कोण नाही म्हणणारे?"

"कुणी लावला कौल, विचारलंत?"

"नाही."

"कधी लावला?"

"नाही विचारलं."

"का, बाबा?"

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," बाबा म्हणाले. इतक्या हळू, की दुर्वाला ते आधी नीट ऐकू आलं नाही. मग आलं.

आईने बोळा बशीत ठेवला. "ओलं होतं ते," ती म्हणाली. "फळ्या भट्टीत घातल्या तेव्हा पाणी किती सुटलं, आठवतं ना? मी तुम्हाला म्हटलं होतं, वाळलेल्याला एवढं पाणी नसतं. तुम्ही म्हणालात, पावसात भिजलं असेल. मीही म्हटलं, असेल." ती दुर्वाकडे वळली. "मलाही आवाज आवडला होता. तुझ्यासाठी होती ना ती."

हे ऐकून दुर्वाला सगळ्यात वाईट वाटलं. बाबांवर ओरडायचं तिने दिवसभर मनात घोळवलं होतं. वाक्यं तयार होती, चांगली झणझणीत. पण तिच्यासाठी झालं होतं हे. तिच्या त्या सगळ्या धिटाईखाली एक झाड पडलं होतं आणि एक माणूस मान खाली घालून तीर्थ देत होता.

"वखारवाला एकटाच आला होता?" तिने विचारलं.

बाबांनी कानस उचलून परत खाली ठेवली.

"बाबा."

"त्याच्या शेजारी गाडीत वेतखोलचाच एक मानकरी बसला होता. पांढऱ्या टोपीवाला. कौल झालाय, हे वाक्य त्याचं. वखारवाल्याने फक्त मान हलवली."

"म्हणजे उद्या जे बसणार आहेत गुरवकाकांवर कौल लावायला, त्यांतला एक."

"तू जे मनात आणलंयस ना, ते साधं नाही." बाबांचा आवाज आता समजावणीचा झाला. "माझ्या गिटारींना दाखला लागतो, लागवडीतलं लाकूड म्हणून. लिस्बनला तुझ्या गिटारीची जी जोड गेली, तीही याच झाडाची. मी तोंड उघडलं की कार्यशाळेला कुलूप. चितार आळीत लोक काय म्हणतील? परत पोपट रंगवायला बसू? आपण असं करू. मी त्या गुरवांना एकदा गुपचूप भेटून येतो. काहीतरी भरपाई करू. शुक्रवारचा कौल उजवासुद्धा पडेल, कुणास ठाऊक. देव आहे शेवटी."

"पडेलही," दुर्वा म्हणाली.

तिला खरंच क्षणभर वाटलं, पडेल. पाकळी उजवी पडेल, गुरवांची पूजा राहील, गिटार राहील, पणजी राहील, आणि हे कुणालाही कळणार नाही. ते वाटणं इतकं गोड होतं की तिला त्याचीच किळस आली. उद्या एक माणूस ओल्या पाकळीकडे डोळे लावून उभा राहणार, आपण काही केलं नाही हे पूर्ण ठाऊक असताना. शेजारी त्याची मुलगी. आणि समोर पांढरी टोपी घालून तो मानकरी, त्यालाही सगळं ठाऊक असताना. उत्तर माणसांना ठाऊक असणार आणि विचारायचं मात्र फुलाला.

तिने गिटार कुशीत घेतली. वाजवली नाही. तारा एकेक करून सैल केल्या, जसं बाबांनी शिकवलं होतं लांबच्या प्रवासाआधी करायला. सगळ्या तारा सैल झाल्यावर तिने गिटार बाकावर ठेवली. आपला आवाज साथ देईल का, हे सांगता येत नव्हतं. बोलल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

"बाबा, आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज चाचरला, पण थांबला नाही. "उद्या सकाळच्या एसटीने मी वेतखोलला जाणार. पाकळी लावायच्या आधी सगळ्या मानकऱ्यांसमोर ही गिटार ठेवणार आणि सांगणार, की हे झाड आमच्या घरात आहे, ते हिरवं कापलंय, आणि मी सोमवारपासून हे लपवलंय. लावण्याकडे बघून सांगणार. मग ते विचारतील, विकलं कुणी. तुम्ही तिथे असलात तर ते तुम्ही सांगायचं. नसलात, तर मला जेवढं तुम्ही आत्ता सांगितलंत, तेवढं तुमच्या नावासकट मी सांगणार आहे."